उघडून दाखवा म्हणणारे सर

फणस पिकला की नाही हे बघायला आमच्याकडची माणसं त्यावर टिचक्या मारतात. सर त्याला स्क्रू-ड्रायव्हर लावायचे. हातभर लांब, लाकडी मुठीचा जुना स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक फणसावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि दुसऱ्या हातानं फणसावर टकटक करायची. मग निकाल यायचा, "अजून बेरिंग घट्ट हाय. परवा काढा."

यंत्राच्या पोटातला आवाज ऐकायची ही मेस्त्री लोकांची नेहमीची पद्धत. सर मात्र ती कशालाही लावत. भाताच्या हंड्याला, माझ्या स्कूटरला, बंद पडलेल्या बसच्या बॉनेटला. पंचायतीच्या एका सभेत भाषण फार लांबलं तेव्हा ते उठले, मायकच्या दांडीला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून शांतपणे ऐकलं आणि जागेवर येऊन मला म्हणाले, "आवाज भरपूर. लोड न्हाई."

सर कर्नाटकातल्या आमच्या जोयडा तालुक्यातलेच, नंदिगड्ड्याकडच्या एका वाडीतले. आकडे कन्नडमध्ये मोजायचे, रागवायचे कोकणीत आणि समजावून सांगायचे मराठीत. त्यामुळे लांबून नुसता आवाज आला तरी काम कुठवर पोचलंय ते कळायचं. शिक्षणानं इलेक्ट्रिकल इंजिनिअर. गणेशगुडीजवळच्या वीजघरात त्यांनी बरीच वर्षं नोकरी केली आणि मग सोडली. का सोडली म्हणून विचारलं की दर वेळी नवं उत्तर मिळायचं. कॉलेजच्या मुलांना सांगत, "कॅन्टीनचा सांबार पातळ होता." एका साहेबांना सांगितलं, "लिफ्टची भीती वाटते." माझ्या आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "मावशी, तिथली सगळी यंत्रं माझ्यापेक्षा उंच. वर बघून बघून मान दुखायची." आईला ते खरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं मानेला लावायचं तेल पाठवलं, आणि सरांनी ते बाटली संपेपर्यंत निमूटपणे लावलं.

नोकरी सोडून ते ओढ्यांवर चाकं बसवू लागले. आमच्या तालुक्यात डोंगराच्या उतारावर चार-चार, सहा-सहा घरांच्या वाड्या आहेत. विजेच्या खांबाला तिथवर पोचायला जंगल आडवं येतं, आणि पोचला तरी पावसात एखादं झाड तारेवर पडलं की अंधार. पाणी मात्र प्रत्येक वाडीच्या डोक्यावरून उतरत असतं. ते वरच्या अंगाला पाइपात धरायचं, खाली आणून तोटीतून, कडेला वाट्या बसवलेल्या चाकावर मारायचं. चाक फिरलं की दिवे लागतात, नाहीतर पट्टा जोडला की भात सडायची गिरण चालते. पाणी पुन्हा खाली ओढ्याला मिळतं.

मी रामनगरचा. घरची दुकानदारी, मूळ खानापूरकडचे. बेळगावात शिकलो, पुण्यात कारखान्यात लागलो. तिथं मोटारीच्या काचा बटणावर वर-खाली करणारं सर्किट तपासायचं माझं काम. वडील गेल्यावर आईसाठी परत आलो तेव्हा चाळिशी उलटली होती. कुंभारवाड्याच्या रस्त्याला सरांची पत्र्याची शेड होती, तिथं जाऊ लागलो. माझा स्वभाव असा, की बस उशिरा आली तरी माझंच काही चुकलं असं मला वाटतं. पुण्यातल्या वर्षांबद्दल तर मी सरांपुढं रोज हळहळायचो. इथं लोकांच्या घरात दिवा नाही आणि मी तिकडं दुसऱ्यांच्या काचा वर करत बसलो, असं बरंच काही.

सरांना त्यात काही चूक दिसायची नाही. "काच वर जाती, वाईट काय? पाऊस आला तर माणूस भिजत न्हाई." तरी मी थांबलो नाही की पाना पुढं करत म्हणायचे, "तम्मा, तुझ्या वाईट वाटण्यावर एक दिवा जरी लागला असता, तर मी तुलाच पट्टा जोडला असता. लागत न्हाई. हे नट आवळ." धाकट्या भावाला कन्नडमध्ये तम्मा म्हणतात. केस पिकू लागलेल्या मला तसं म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी नट आवळायचो.

हुबळी-बेळगावकडची इंजिनिअरिंगची मुलं प्रोजेक्टसाठी शेडवर येत. एका मुलीनं फार मनापासून विचारलं, "सर, समाजाच्या उपयोगाचं काम करायचं तर कुठली ब्रँच घ्यावी?"

"कुठलीबी घे," सर म्हणाले. "एवढंच बघ, तुझं यंत्र बंद पडलं की फोन कुणाचा येतो. ज्याचं काम अडलंय त्याचा आला पायजे. ज्याला वर रिपोर्ट धाडायचाय त्याचा न्हवे."

मुलगी ते लिहून घेऊ लागली. सर म्हणाले, "लिहू नको. तुझा नंबर दे." आणि तो नंबर त्यांनी खरोखरच एका वाडीला देऊन टाकला. चाक अडलं की हिला फोन करा. ऐन परीक्षेत तिला फोन गेला. वाडीतली म्हातारी तिला विचारत होती, "बाय, चाक कुरकुरतंय, तेल कुठलं घालू? खोबऱ्याचं चालंल काय?" मुलीनं आधी रडून घेतलं, मग कुठलं तेल घालायचं ते सांगितलं, आणि परीक्षा संपताच ग्रीसचा डबा घेऊन स्वतः आली. आज ती एका कोरड्या जिल्ह्यात पिण्याच्या पाण्याच्या पंपांचं काम बघते. तिचा नंबर अजून तोच आहे.

एकदा एक विक्रेता चकचकीत पेटी घेऊन आला. ओढ्याला लावा, वीज घ्या. "उघडायची गरजच नाही सर, पूर्ण सीलबंद आहे," तो अभिमानानं म्हणाला. सरांनी पेटीला स्क्रू-ड्रायव्हर लावला आणि इतका वेळ ऐकत राहिले की तो बिचारा घाबरला.

"काय ऐकताय सर?"

"आत कोण अडकलंय काय बघतो. उघडत न्हाई म्हणालात म्हणून."

यात थट्टा होती, पण फार थोडी. न उघडणाऱ्या यंत्रावर सरांचा विश्वासच नव्हता, आणि त्यांचा नियम त्यातूनच आला होता. चाक बसवून झालं तरी ते पाणी सोडत नसत. जो ते चालवणार त्यानं आधी चाक पुरतं उघडायचं, सगळे भाग गोणपाटावर मांडायचे आणि पुन्हा जोडायचे, वाडीच्या देखत. "उघडून दाखवा," एवढंच सर म्हणायचे आणि दगडावर बसायचे. चुकलं तर चुकणाऱ्यानं दुसऱ्या कुणाला तरी शिकवायचं आणि त्या दुसऱ्यानं उघडायचं. तेही फसलं, तर चाक सुटं करून पुढच्या वाडीला न्यायचं. वाट बघणाऱ्या वाड्या पुष्कळ होत्या, आणि एका मोसमात सरांच्या हातून एखाद-दुसरंच चाक व्हायचं. तो दुसरा माणूस सर स्वतः निवडत. पहिला चुकल्यावर जो सगळ्यात आधी हसला, तो.

मला हा नियम निर्दय वाटायचा. अक्काच्या वाडीत तर फारच वाटला.

कुंभारवाड्याच्याही पलीकडं, बस सोडून जंगलातून उतरत गेलं की ती वाडी येते. अक्का तिथल्या एका मोठ्या घरातली धाकटी सून. नवरा गोव्याला कामाला, सणाला घरी. बाईचा आवाज खणखणीत, हसणं त्याहून मोठं. पण वर्षानुवर्षं भाताचं ओझं डोक्यावर घेऊन डोंगर चढून गिरणीला जाण्यात तिची कंबर गेली होती. "डॉक्टर म्हंतोय वझं उचलू नको," ती आम्हाला म्हणाली. "बरं. मग भाताला सांगा, तुझं तू चालत जा म्हणून." वाडीत गिरण आली तर ती चालवायला ती तयार होती. नाही आली, तर नवं भात घरात आलं की पुन्हा तीच चढण होती, कारण घरात ओझं घेणारं दुसरं डोकं नव्हतं.

घराचे कर्ते तिचे थोरले दीर. तेच वाडीचे बुधवंत, म्हणजे ज्यांच्या शब्दावर वाडी चालते ते. उंच, सडसडीत, कमी बोलणारे. त्या घरची रीत अशी, की धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही. अक्का ती रीत पाळायची, पण गप्प राहणं तिला शक्य नव्हतं. म्हणून ती ओसरीच्या खांबाशी बोलायची. "खांबा, च्या निवाय लागलाय." बुधवंत उठून चहा घ्यायचे. "खांबा, पाव्हण्यांना सांग, आज मुक्काम करा." बुधवंत आम्हाला सांगायचे, "आज मुक्काम करा." आम्हाला पहिल्या दिवशी हसू आलं, दुसऱ्या दिवशी सवय झाली.

चाकाला बुधवंतांचा विरोध नव्हता, पण देवाला विचारल्याशिवाय ओढ्याला हात लावायचा नाही, हे त्यांनी सांगितलं. देवाच्या अंगाला पाकळ्या चिकटवून कौल लावला. डावी पाकळी आधी पडली. नकार. मी मनातून खचलो आणि परतीच्या वाटेनं सरांना काय काय म्हणायचं ते जुळवू लागलो. सर मात्र देवळाच्या पायरीवर बसून बुधवंतांना विचारत होते, "मामा, देवाला नक्की विचारलं काय?"

"व्हाळाचं पाणी घेऊ काय, असं इचारलं."

"मग बरोबर सांगितलं देवानं. मीबी नकोच म्हणालो असतो. आपण पाणी घेत न्हाई की. खालच्या वळणावर हाय तेवढं परत सोडतोय. चला, तुम्हाला जागा दाखवतो."

ते बुधवंतांना घेऊन ओढ्यात उतरले आणि पाइप कुठून कुठे जाणार ते गुडघाभर पाण्यातून चालत दाखवलं. बुधवंतांनी सगळं पाहिलं. पुढच्या सोमवारी त्यांनी देवाला नवा प्रश्न विचारला. उजवी पाकळी पडली. मी सरांना म्हणालो, "आणि परत डावी पडली असती तर?" सर म्हणाले, "तर अजून काय सांगायचं राहिलंय ते शोधलं असतं."

दसऱ्याच्या सुमारास चाक बसलं. गिरणीला पट्टा जोडला. नंदिगड्ड्याकडच्या एका वाडीची माणसं आदल्याच दिवशी शेडवर येऊन गेली होती. इथं जमलं नाही तर चाक तिकडं जाणार, हे वाडीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. अक्कानं पदर खोचला, गोणपाट अंथरलं. सर दगडावर बसले. "उघडून दाखवा."

तिनं सुरेख उघडलं. बोल्ट, वायसर, बेरिंग, चाक, एकेक भाग अगदी ताट वाढल्यासारखा मांडला. जोडताना मात्र सगळी वाडी बोलू लागली, तीही उत्तरं देऊ लागली, आणि त्या नादात चाक उलटं बसलं. मला ते दिसलं. मी तोंड उघडणार एवढ्यात सरांनी माझ्या पायावर पाय ठेवला.

पाणी सोडलं. ते वाट्यांच्या पोटात न जाता पाठीवर आदळलं आणि कारंज्यासारखं चारी बाजूंना उडालं. पोरं, कुत्री, गिरणीला बांधलेला झेंडूचा हार, सगळं भिजलं. चाक दोन-चार वेळा आळस दिल्यासारखं फिरलं आणि थांबलं. पहिलं हसू ऐकू आलं ते बुधवंतांचं. कधी न हसणारा माणूस, धोतर पिळत खो खो हसत होता.

सर उठले. कोकणीत काही म्हणतील असं वाटलं. पण ते मराठीत आणि फार आनंदानं म्हणाले, "मामा, तुम्ही हसलात पहिले. तुम्ही बसा. अक्का शिकवंल."

बुधवंत आपल्या धाकट्या भावजयीकडून, साऱ्या वाडीसमोर शिकणार. मी सरांना बाजूला घेतलं. म्हटलं, निदान दुसरा कुणीतरी निवडा. हे दोघं एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत. चाक गेलं तर त्या बाईच्या कंबरेचं काय होईल?

"हे चाक दोघांच्या घरात राहणार," सर म्हणाले. "मी न्हाई राहणार इथं. तूबी न्हाई. ती आजारी पडली तर कोण उघडंल? आज बोलले न्हाईत तर पावसात बोलतील काय?"

"पण नाहीच बोलले तर?"

"तर चाक नेऊया." हे म्हणताना त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनाही भीती वाटते हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बुधवंत बराच वेळ उभे राहिले. मग ओलं धोतर सावरत गोणपाटावर बसले. अक्का त्यांच्याकडं पाठ करून गिरणीच्या खांबापुढं जाऊन उभी राहिली.

"खांबा," ती म्हणाली, "आधी चार बोल्ट सैल कर. एकदम काढू नको, समोरासमोरचे दोन-दोन काढ."

बुधवंतांनी समोरासमोरचे दोन-दोन काढले.

"खांबा, झाकण तिरकं ओढू नको, आत कागदाचं वायसर हाय."

झाकण सरळ निघालं. असं सगळं चालू राहिलं. खांब एकही चूक करत नव्हता. मागून एक म्हातारी पुटपुटली, "खांब हुशार निघाला की." कुणी हसलं नाही. हसलं तर पुढचा नंबर लागेल ही भीती.

चाक आसावर चढवायची वेळ आली. बुधवंतांनी ते दोन्ही हातांनी उचललं. सांगणाऱ्या बाईची पाठ त्यांच्याकडं, त्यामुळं तिला काही दिसत नव्हतं. त्यांनी चाक जरा फिरवलं, आसावर ठेवलं. वाट्यांची पाठ पुन्हा तोटीकडं होती. मी सरांकडं पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. बुधवंतांनी पाना उचलला. अक्कानं कशी कोण जाणे मान वळवली.

"भावजी, थांबा," ती म्हणाली. "उलटं बसलंय. मीबी हेच केलं मघाशी."

तिच्या लक्षात आलं आणि तिचा हात तोंडावर गेला. बुधवंतांनी वर पाहिलं नाही. हातातल्या पान्याकडं बघत ते म्हणाले, "ऐकतोय. सांग."

मग ती त्यांच्या समोर बसली. वाटीचं पोट कुठं, पाठ कुठं, हे तिनं आपल्या तळव्यावर ओढ्याचं पाणी ओतून दाखवलं. त्यांनी चाक फिरवून बसवलं, तिनं वायसर दिलं, त्यांनी आवळलं. पाणी सोडलं तेव्हा वाडीवर इतकी शांतता होती की तोटीतली पहिली हवा बाहेर पडलेली ऐकू आली. चाकानं वेग घेतला, पट्टा धडधडला, आणि गिरणीच्या तोंडातून आधी कोंडा आणि मग तांदूळ आला. बुधवंतांनी ओंजळ धरली, आणि ती अक्काच्या सुपात ओतली. सर दगडामागं तोंड फिरवून उभे होते. कोकणीत कुणाला तरी जोरजोरात रागवत होते. समोर कुणीच नव्हतं.

आता सर धारवाडला लेकीकडं असतात. गुडघे ओढ्यात उतरू देत नाहीत. शेड माझ्याकडं आहे, आणि कुठलं चाक बंद असेल या विचारानं मी पावसाळाभर धड झोपत नाही. या वर्षी पावसात रस्ता खचला, अक्काच्या वाडीचा फोनही लागेना. वाट मोकळी झाल्याबरोबर हत्यारांची पिशवी घेऊन मी निघालो. वाटेत मनात माफीची वाक्यं तयार होती. इतके दिवस तुम्हाला असंच सोडलं, माझी चूक झाली.

वाडी दिसायच्या आधी ऐकू आली.

"भावजी, तोटीत पान अडकलंय म्हंते मी."

"पान न्हवं, वाळू. आवाज बघ की. तुझे कान गेलेत."

"माझे कान गेलेत तर तुमचे डोळे. सरळ करा ते झाकण."

चाक उघडलेलं होतं, भाग गोणपाटावर मांडलेले होते, आणि दोघं त्यावर वाकून भांडत होती. मी पिशवी खाली ठेवून पुढं झालो. अक्कानं मला पाहिलं. "सर, बसा ओसरीवर. च्या घ्या. हात लावू नका, आमचं ठरलं न्हाई अजून."

मी ओसरीवर बसून चहा घेतला. तोटीत पानही होतं आणि त्याच्यामागं वाळूही, त्यामुळं दोघांपैकी कुणीच माघार घेतली नाही. खरं सांगायचं तर मला थोडं वाईट वाटलं. इतकी वाट चालून आल्यावर कुणीतरी आपली वाट बघत असावं असं वाटतंच.

वाडीच्या वरच्या टेकडावर फोन लागतो. तिथं चढून मी सरांना सगळं सांगितलं. "सर, मला त्यांनी एका नटालासुद्धा हात लावू दिला नाही."

सर हसले आणि फोन बाजूला धरून घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं कन्नडमध्ये तीच गोष्ट सांगू लागले, बुधवंतांच्या आणि अक्काच्या आवाजांसकट. खाली गिरण सुरू झाली होती. तिच्या घरघरीतूनही ती दोघं ऐकू येत होती.

"अजून भांडतायत काय?" सरांनी विचारलं.

"व्हय सर. इथवर आवाज येतोय."

"मग बोलू नको. फोन तिकडं धर."

मी हात लांब केला आणि फोन दरीच्या बाजूला धरून उभा राहिलो.